पंगत उठेना

“...सगळं करून झालं, बुवा. आता आणखी काय करायचं राहिलंय, ते तुम्हीच सांगा.”

कारखानीस साहेब असं म्हणाले तेव्हा मी ओसरीवर पत्रावळी मांडत होतो. बुवा भिंतीला टेकून बसले होते. साहेब त्यांच्यासमोर, मांडी घालायची सवय गेलेली असल्यामुळं एक गुडघा वर करून.

यशोधन कारखानीस. नाशिकला यांची कॉम्प्युटरची कंपनी, शे-दीडशे माणसं हाताखाली. बुवांचा अनुग्रह घेतलेला. वर्षातून एकदा पांझरा नदीकाठी आमच्या मठात यायचे, पेढे ठेवायचे आणि कंपनी किती वाढली ते सांगायचे. माणूस वाईट नाही. पण आपण किती चांगले आहोत हे आपल्याच तोंडानं सांगायची भारी हौस.

या खेपेला पेढे नव्हते.

“काय काय केलंस?” बुवांनी विचारलं.

“शनिवार-रविवार सुट्टी दिली. योगाचा वर्ग लावला. मन मोकळं करायला एक शिकलेल्या बाई ठेवल्या. सहानंतर कुणी थांबू नये म्हणून मजल्यामजल्यावर पाट्या लावल्या. मी स्वतः फिरून सांगतो, घरी जा रे, पोरंबाळं वाट बघतायत.”

“मग?”

“जात नाहीत.”

बुवा भिंतीपासून सरकून ताठ बसले.

“रजा दिली तर घेत नाहीत. घेतलीच तर घरून काम करत बसतात. आणि आता शलाका...”

साहेबांनी तोंड फिरवलं. मी पत्रावळ हातात धरून तसाच उभा राहिलो. या माणसाला असं कधी पाहिलं नव्हतं.

शलाका पाठारे. त्यांच्याकडची सगळ्यात हुशार मुलगी, तिशीतली. परवा ऑफिसच्या जिन्यात कोसळली. शुद्धीवर आली, पण डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय. पलंगावर उठून बसायचंसुद्धा नाही. ठोके पुन्हा चुकले तर आमच्या हातात काही नाही.

“इथून मी सरळ दवाखान्यातच जाणार आहे,” साहेब म्हणाले. “अंगारा द्या तिच्यासाठी. आणि माझं कुठं चुकलं ते सांगा. मी आजवर कुणालाही थांब म्हणालेलो नाही, बुवा. देवाशपथ.”

“तू केव्हा निघतोस ऑफिसातून?”

“माझं सोडा हो. मी मालक. सगळे गेल्यावर दिवे बंद करून निघायचं, ही माझी पहिल्यापासूनची सवय.” एवढ्या दुःखातही त्यांची मान जरा ताठ झाली. “कुणाला अडचण आली तर साहेब बसलेले आहेत, एवढा आधार असतो पोरांना.”

बुवांनी मांडलेल्या पानांकडे पाहिलं.

“जेवून घे,” म्हणाले.

“बुवा, घाई आहे. ती तिकडं...”

“पानं मांडलीत.”

आता बुवांनी म्हटल्यावर काय. बसले बिचारे, बुवांच्या शेजारी.

वरण-बट्टी होती, घोटलेली वांगी होती, भात होता. आम्ही मठातले सगळे ओळीनं बसलो. शेवटच्या पानावर नथूकाका. नथूकाका आमच्यात सगळ्यात म्हातारे, बुवांपेक्षाही मोठे. गोठ्याचं बघायचे, आता गोठाच त्यांना बघतो म्हणा. वयामुळं त्यांना सारखं लघवीला जावं लागतं. म्हणून शेवटचं पान त्यांचं, दाराजवळचं.

साहेब दोन घास खाऊन थांबले. आम्ही मात्र हात आखडता घेतला नाही. बट्टीला तूप होतं.

एक सांगायचं राहिलं. आमच्या पंगतीत बुवा उठल्याशिवाय कुणी उठत नाही. नियम म्हणून कुणी सांगितलेलं नाही. घरी आजोबा उठायच्या आधी आपण उठलो तर आई डोळे वटारायची, तेच इथं चालू. बुवांचं जेवण चिमणीएवढं. रोज तेच आधी आटपतात, चला म्हणतात, उठतात, मग आम्ही उठतो. कधी कुणाला खोळंबून राहावं लागलेलं नाही.

त्या दिवशी बुवांचं जेवण झालं...

आणि ते बसून राहिले.

“झालं असेल त्यानं उठा रे,” म्हणाले.

कुणी उठलं नाही.

“अरे, माझ्यासाठी थांबू नका. उठा.”

मी शेजारच्याकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे पाहिलं. बुवांनी पानावरचं भाताचं एक शीत उचललं आणि सावकाश खाल्लं.

“ऊन तापलंय. जाऊन पडा जरा.”

इतकं मायेनं म्हणाले की काय सांगू. आम्ही सगळे माना खाली घालून बसलो.

बोटांवरचं वरण वाळलं. माशा आल्या. माझा डावा पाय झोपी गेला, मग त्याला मुंग्या आल्या, मग पाय आहे की नाही तेच कळेना. खरं सांगतो, मला बुवांचा राग यायला लागला होता. साहेबाला काय शिकवायचंय ते शिकवा, आमचे गुडघे कशाला मधे घालता?

साहेबांच्या खिशात फोन थरथरला. त्यांचा डावा हात तिकडं गेला. बुवांनी नुसतं पाहिलं. हात परत आला.

पुन्हा थरथरला.

“बुवा,” साहेब शेवटी म्हणाले, “तुमची माणसं उठत का नाहीत?”

“तेच मी तुला विचारणार होतो.”

“तुम्ही तर त्यांना किती वेळा सांगितलंत.”

“सांगितलं ना. तुझ्यादेखत सांगितलं.” बुवा हसले. “पुन्हा सांगतो. उठा रे.”

साहेब बुवांच्या तोंडाकडे बघायला लागले. काहीतरी त्यांच्या ध्यानात येत होतं, आणि ते येऊ नये असंही त्यांना वाटत होतं. कपाळावर घाम आला होता. बुवांचं सगळं लक्ष त्या चेहऱ्यावर. मासा गळाला लागल्यावर कोळ्याचं असतं तसं.

आणि तेवढ्यात ओळीच्या शेवटी काहीतरी झालं.

आधी मला वाटलं, कुणाचं पाणी सांडलं. जमिनीवरून एक ओघळ आला. शेवटून तिसरा आमचा सुकदेव, तो दचकून पाय आखडून बसला. मग मी नथूकाकांकडे पाहिलं.

त्यांनी दोन्ही हातांनी धोतर घट्ट आवळून धरलं होतं. उजवा हात खरकटा, तसाच. डोळे मिटलेले. ओठ हलत होते.

आमच्यापैकी कुणाला सुचेना. मीही नुसता बघत बसलो. ऐंशी वर्षांचा माणूस, दाराला खेटून बसलेला. दोन पावलं टाकली असती तर अंगणात होता.

“नथू...”

बुवा म्हणाले. आवाज त्यांचा वाटलाच नाही.

बुवांना माहीत होतं की नथूकाकांना दम धरवत नाही. त्यांनीच तर ते पान दाराजवळ मांडायला लावलं होतं. पण त्या दिवशी त्यांची नजर एकदाही ओळीच्या शेवटापर्यंत गेली नाही. ती साहेबांवर होती.

बुवा उठले. घाईनं उठताना तोल गेला, साहेबांच्या खांद्याला धरलं. आम्ही सगळे धडपडत उठलो. माझा झोपलेला पाय जागेवर नव्हता, मी आपटलोच.

“नथू, अरे उठायचंस ना,” बुवा म्हणाले. “मी म्हणत होतो ना, उठा.”

नथूकाकांनी डोळे उघडले नाहीत.

“म्हणत होतात,” ते पुटपुटले. “पण तुम्ही बसलेले होतात.”

साहेब पुढं झाले. त्यांना राग आला होता, खरोखरीचा राग. “काका, अहो एवढा हट्ट कशाला? तुम्हाला त्रास होतोय तर उठायचं सरळ. कुणी धरून ठेवलं होतं का तुम्हाला? हे स्वतः सांगत होते...”

बोलता बोलता त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं.

बुवा नथूकाकांजवळ खाली बसले, त्याच ओलीत. “उखा, गरम पाणी आण. माझं धोतर आण.” मी आणलं. बुवांनी आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं, म्हाताऱ्याचे पाय स्वतः धुतले, आपलं धोतर त्याला नेसवलं. मी दारात तांब्या धरून उभा होतो, म्हणून दिसलं.

“चुकलं माझं, नथू,” एवढंच म्हणाले.

नथूकाका रडायला लागले. त्यांना बुवांनी पाय धुतल्याचीच जास्त लाज वाटत होती. मला तर तिथं थांबवेना.

बुवा बाहेर आले तेव्हा साहेब अंगणात रांजणाजवळ उभे होते. हात धुतलेला नव्हता. डाव्या हातात फोन, चेहरा पांढराफटक.

मला वाटलं, गेली. ती मुलगी गेली.

“दवाखान्यातून आहे?” बुवांनी विचारलं.

“हो.”

“कसं आहे तिचं?”

“डॉक्टरांचा नाही, बुवा. तिचाच आहे.”

“काय म्हणते?”

साहेबांनी वाचून दाखवलं. मधे दोनदा थांबले.

“‘सर, माफ करा, सकाळी इंजेक्शन दिलं होतं म्हणून तुमचा मेसेज जरा उशिरा पाहिला. तुम्ही बसू नका, फाइल मी पुरी करून पाठवलीय. नर्स फोन काढून घेते म्हणून उशीर झाला. उद्याचंही मी बघते.’”

गोठ्यात गाय हंबरली.

मी अडाणी, मठाची जीप चालवणारा माणूस, पण एवढं माझ्याही ध्यानात होतं. उठून बसायचंसुद्धा नाही म्हणाले होते डॉक्टर.

“तू काय लिहिलं होतंस तिला?” बुवांनी विचारलं.

“काही नाही. आराम कर म्हणून लिहिलं. खरंच बुवा, कामाचं एक अक्षर मागितलेलं नाही.”

“वाच.”

साहेबांनी अंगठा फिरवला. वाचायला सुरुवात केली, पहिल्या ओळीवरच अडले. फोन माझ्यापुढं धरला. मेसेज पहाटेचा होता, मी अक्षर अक्षर लावत वाचलं.

“‘शलाका, तू पूर्ण आराम कर. कामाची अजिबात काळजी करू नकोस. मी काल रात्रीपासून ऑफिसातच आहे, तुझी फाइल मीच पुरी करतोय. मी बसलोय.’”

बुवांनी डोळे मिटले.

साहेब अंगणातच खाली बसले. एवढी इस्त्रीची पँट, शेणानं सारवलेल्या जमिनीवर. मग एकदम उठले, किल्ल्यांसाठी खिसा चाचपला.

“निघतो मी. आत्ता निघतो. तिच्या हातातून फोन काढून घेतो. समोर बसून सांगतो तिला, पाया पडून सांगतो, झोप म्हणून... अंगारा द्या, बुवा. लवकर द्या.”

बुवा हलले नाहीत.

“बुवा, ती तिकडं काम करतेय. उशीर होतोय.”

बुवांनी त्यांच्या हातातल्या किल्ल्या काढून घेतल्या आणि माझ्या हातात दिल्या.

“अंगारा उखा घेऊन जाईल,” ते म्हणाले. “तू जाऊ नकोस, यशोधन. तुला दारात पाहिलं की ती उठून बसेल.”