सासूबाईंच्या तळव्यांची माती

खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या गावाचं तेव्हाचं नाव सांगणारंही आता कोणी उरलेलं नाही. डोंगराच्या उतारावर एक गाव होतं. पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणारी भाताची खाचरं, आणि तळाशी ओढा.

त्या गावात एक रीत होती. घरात सून आली, की सासूने ओटीवरच्या झोपाळ्यावर बसायचं. बसायचं म्हणजे बसायचंच. पाणी हातात, ताट पुढ्यात, वाऱ्याला पंखा. येता-जाता बायका सासूच्या पायांच्या तळव्यांकडे बघत. तळवे स्वच्छ, तर सून गुणाची. तळव्यांना माती दिसली, की ती सुनेच्या नावाला लागली. सुनांचे तळवे मात्र कोणी बघत नसे.

एका सुगीनंतर या गावात एक सून आली. बोलायला कमी, बघायला जास्त. तिची सासू म्हणजे गावची बी राखणारी. अख्ख्या गावाचं बियाणं तिच्या माळ्यावर, पेंढ्यात बांधलेल्या गोल मुड्यांमध्ये असायचं. लवकर पिकणारं हळवं भात वरच्या खाचरांना, कारण तिथलं पाणी आधी आटतं. उशिरा पिकणारं गरवं तळाच्या खाचरांना. बाहेरून सगळे मुडे सारखेच. कोणत्या मुड्यात काय, हे फक्त सासूबाईंना ठाऊक. चुकीचं बी चुकीच्या खाचरात पडलं, तर वर्षभर गावाची चूल थंड.

लग्नाच्या मांडवात सुनेने त्यांना पाहिलं होतं. एका हाताने वाढत, दुसऱ्या हाताने कोणाची तरी कानउघाडणी करत, आलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या आजोळपर्यंतची नाती सांगत त्या फिरत होत्या. सून मनात म्हणाली होती, "या बाईपुढे माझा काही निभाव लागायचा नाही."

मग त्या झोपाळ्यावर बसल्या.

सून गुणाची होती. तिने त्यांना हलू दिलं नाही. शेजारणींनी कौतुकाने लाडू पाठवले, ते त्यांनी बसल्याबसल्या खाल्ले. दुपारभर डुलक्या, रात्रभर टक्क जाग. बियाणं कधी मिळेल, भातावरची कीड कशी घालवावी, हे विचारायला येणारी माणसं आता सुनेशीच बोलून परत जात. सासूबाईंना कशाला त्रास?

थंडी सरता सरता सासूबाई सुनेला आपल्या लेकीच्या नावाने हाक मारू लागल्या. जेवल्यावर विचारत, "अगं, आज ताट नाही का?"

शेजारची पाटलीणबाई म्हणाली, "वय झालं हो. चालायचंच."

सुनेला मात्र मांडवातली ती बाई आठवत होती. वय काही एवढ्या घाईने येत नाही, हे तिला कळत होतं.

मग घर सारवायचा दिवस आला. मदतीला आलेल्या बायकांनी माळ्यावरचे मुडे खाली काढले आणि एका कोपऱ्यात रचून ठेवले. कोणता कुठे टांगला होता, ते कोणी बघितलं नाही. बायका गेल्यावर सुनेने सासूबाईंना विचारलं, "आत्याबाई, यातले हळव्याचे कोणते?"

सासूबाईंनी एका मुड्यात बोट घालून दोन दाणे काढले. जिभेवर ठेवले. पुन्हा काढले, पुन्हा ठेवले. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"मला कळत नाहीये," त्या हळूच म्हणाल्या. "पोरी, कोणाला सांगू नकोस."

सून त्या रात्री जेवली नाही. पेरणीला एक उन्हाळा उरला होता. गावाचं बी त्या कोपऱ्यात मुकं पडलं होतं, आणि त्याची वाचा झोपाळ्यावर झोके घेत होती.

सकाळी उठून तिने ठरवलं, की आपण आता वाईट सून व्हायचं.

तिने भाकरी करपवली. अगदी नीट, दोन्ही बाजूंनी.

सासूबाई झोपाळ्यावरून ओरडल्या, "हे काय गं? आईने तुला फक्त मान खाली घालायला शिकवलं का?"

"मला नाही जमत आत्याबाई. तुम्हीच दाखवा."

सासूबाई तणतणत उठल्या. भाकरी टम्म फुगली. कपाळावर घाम आला, आणि कितीतरी दिवसांनी आवाजाला धारही आली.

दुसऱ्या दिवशी सुनेची ओढ्याची वाट चुकली. "झाडं सगळी सारखीच दिसतात हो," ती म्हणाली. सासूबाई तिला घेऊन निघाल्या. आधी काठी टेकत, मग काठी हलवत. वाटेत दहा जणी भेटल्या, दहा जणींशी बोलणं झालं. परत येताना सासूबाईच सुनेला बजावत होत्या, की अमक्या घरी भांडण आहे, तिथे तोंड उघडू नकोस.

मग वाट रोजच चुकू लागली.

लाडू गडीमाणसांच्या पोरांना गेले. सासूबाईंच्या ताटात शेवग्याचा पाला, कुळथाचं पिठलं आणि कारळ्याची चटणी आली. दुपारी डोळा लागायला लागला, की सून मुद्दाम सूप आपटायची. दिवेलागणीनंतर थोड्याच वेळात दिवा मालवायची. आणि रोज संध्याकाळी आपल्या माहेरचं एक नवं कोडं घालायची.

"ही कसली कोडी तुमच्याकडची!" सासूबाई चिडत. "उद्या सांगते उत्तर. तू सांगू नकोस हं, खबरदार!"

दुसऱ्या दिवशी उत्तर सांगत, वर आपलं एक कोडं सुनेला घालत. सून बऱ्याचदा हरायची. यातली काही हार खरी असायची.

गावाने तोंडाला पदर लावला. पाटलीणबाई मुद्दाम ओटीवर येऊन म्हणाली, "काय गं, सासूला राबवून घेतेस? तळवे बघ त्यांचे! हळदीकुंकवाला तुला बोलवावं की नाही, याचाच विचार करतेय मी."

"विचार करा काकू," सून म्हणाली. "विचार केलेला चांगला असतो डोक्याला."

नवऱ्यालाही चार ठिकाणी ऐकावं लागलं. तो घुश्शात घरी आला. "आईला सुखाने बसू दे ना जरा! लोक काय म्हणतात, कळतं का तुला?"

"कळतं," ती म्हणाली. "आज आई मला काय म्हणाल्या, ते सांगू? माझ्या नावाने हाक मारली त्यांनी."

दुसऱ्या दिवशी आईला खाचरांकडे घेऊन गेला तो स्वतःच.

पेरणी आली. गाव अंगणात जमलं. सासूबाई कोपऱ्यातल्या मुड्यांपुढे बसल्या. पहिल्या मुड्यातला दाणा त्यांनी दाताखाली फोडला.

"हळवं. वरच्या खाचरांचं."

दुसरा, तिसरा, मग पुढचे. सून मुडे उचलून वेगवेगळे रचत होती. एका मुड्यापाशी सासूबाई थांबल्या. दाणा तोंडात घोळवला, डोळे मिटले.

"बाजूला ठेव. पुन्हा बघते." सगळे मुडे संपल्यावर त्या त्याच मुड्याकडे वळल्या, ताजा दाणा चावला आणि हसल्या. "गरवंच आहे. जरा जास्त वाळलंय, म्हणून फसवत होतं."

पाटलीणबाई पुढे झाली. "काल-परवापर्यंत जेवलेलं आठवत नव्हतं यांना! माझ्या वरच्या खाचरांना मी माझ्याच अंदाजाने बी नेते." आणि तिने तो बाजूचाच मुडा उचलला.

"अगं, ते गरवं आहे," सासूबाई म्हणाल्या.

"बघू," पाटलीणबाई म्हणाली.

पावसाळा सरला तेव्हा सगळ्यांनीच बघितलं. गावाची खाचरं वरपासून खालपर्यंत पिवळी धमक झाली. पाटलीणबाईच्या वरच्या खाचरात मात्र पाणी आटलं तरी दाणा भरला नव्हता; नुसता पेंढा वाऱ्यावर डुलत होता. तिच्या घरी वर्षाचं भात सासूबाईंनी स्वतः डोक्यावरून नेऊन दिलं. जाताना दोन शब्दही सुनावले. ती संधी त्या सोडणाऱ्या नव्हत्या.

सासूबाईंची हाक अजूनही कधीकधी चुकायची. पण चुकल्यावर जीभ चावून त्या स्वतःच ती दुरुस्त करायच्या. आणि आता त्यांच्यासोबत सूनही दाणे चावून बघायला शिकत होती.

त्या वर्षापासून गावातल्या बायका सासवांचे तळवे बघतात ते माती शोधायला. तळवे स्वच्छ दिसले, की विचारतात, "काय हो, बरं नाही का?" झोपाळे ओटीवर आहेतच. त्यांच्यावर कुरडया फार छान वाळतात.

बोध: चालते पाय, बोलती जीभ, साधं जेवण, रात्रीची शांत झोप आणि रोज काहीतरी नवं शिकणारं मन यांनीच डोकं ताजं राहतं; मायेपोटीही कोणाकडून हे सगळं काढून घेऊ नये.