टेप गुंडाळलेली वायर

“...मग काय काय बदललंस?” बाबालाल मिस्त्रींनी विचारलं.

“प्लग बदलले. पॉइंट घासले. कार्बोरेटर दोनदा खोलला.” मी बोटांवर मोजत सांगितलं. “आता गाडीत बघण्यासारखं काही राहिलं न्हाई.”

“मग माझ्याकडं कशाला आलास? चहा प्यायला?”

गगनबावड्यात आठ दिवस धुकं हटलं नव्हतं. ऊन असलं की आमची जुनी जीप गुमान चालायची. हवा दमट झाली की उभ्या जागी धडधडायची, मिसिंग मारायची, बंद पडायची. जीप माझ्या थोरल्या भावाची, बळूदादाची. दादा काविळीनं गेला त्याला महिना झाला. आमच्या वडलांनी, आबांनी सांगून टाकलं होतं, सोमवारपर्यंत नीट झाली तर ठेवू, नाहीतर भंगारात घालू.

दादाला पाना धरायला मिस्त्रींनीच शिकवलं होतं. त्यांनी बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवलं आणि शेजारच्या सलूनकडं हात केला.

“ए गजा, तुझी पाण्याची बाटली दे. इंजिनाची दाढी करायची हाय.”

गजानं फवाऱ्याची बाटली फेकली. मिस्त्री वायरींवर पाणी मारू लागले. मी त्यांचा हात धरला.

“मिस्त्री! मी रोज सकाळी फडक्यानं पुसून कोरडं करतोय, अन् तुम्ही भिजवताय?”

“तू पुसतोस, म्हणून ते लपतंय.”

मी हात सोडला...

“गोणपाट घे. डोकं आत घाल. ठिणगी अंधारातच दिसती.”

आम्ही दोघं एकाच गोणपाटाखाली वाकलो. आत अंधार, पेट्रोलचा वास, मिस्त्रींच्या तंबाखूचा वास. पहिल्या वायरवर पाणी... काही नाही. दुसऱ्या वायरवर... काही नाही. तिसरीवर फवारा पडला आणि इंजिन अडखळलं. जिथं टेप गुंडाळली होती तिथून निळी ठिणगी बाहेर उडाली.

“सापडलं. करंट हितनं पळतोय. ही वायर तेवढी का बदलली न्हाईस?”

“ती दादानं टेप लावून नीट केलीया.”

“मग?”

“दादाचं काम हाय ते. दादा चुकत नव्हता.”

मिस्त्री गोणपाटातून बाहेर आले आणि एवढे हसले, की गजा वस्तरा घेऊन दारात आला.

“तुझा दादा? लेका, ऑइल घातलं अन् टोपण लावायला इसरला. तसाच वऱ्हाड घेऊन निघाला. घाटात असा धूर झाला, की नवरदेव उडी मारून ओढ्यात!”

“मुंडावळ्यांसकट!” गजा म्हणाला.

मला राग येणार होता. आलं हसू. महिन्याभरात पहिल्यांदाच. ते थांबेना, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेही थांबेना. मी हाताला लागलं ते फडकं तोंडावर ओढलं आणि गाल ऑइलनं काळे करून घेतले.

मिस्त्रींनी हसू आवरलं.

“टेप घरी पोचण्यापुरती असती, तानू. बरा झाला असता, तर त्यानंच काढून टाकली असती.”

...

त्यांनी इंजिन बंद केलं. नवी वायर माझ्या हातात दिली.

“घाल.”

जुनी वायर मी हळूच ओढून काढली. खिशात ठेवली. नवी वायर लावली, गाडी सुरू केली. गजानं राहिलेली बाटली सगळी इंजिनावर रिकामी केली. इंजिन हललं नाही की अडखळलं नाही. दाट धुक्यात एका सुरात गुरगुरत राहिलं.

तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

“मिस्त्री, वायर पक्की बसली न्हवं? एकदा तुम्ही हात लावून बघा की.”

मिस्त्री नळावर हात धूत होते. ते मागं वळले नाहीत.

“बळूनं बसवली असती, तर बघितली असती.”