तीन कळफलक आणि एक शेळी

“आणि हा तिसरा कशाला?” बाबांनी विचारलं.

शाल्मलीनं तिसरा कळफलक पिशवीतून काढून पहिल्या दोघांशेजारी ठेवला. धुनीसमोरच्या घोंगडीवर आता तिघेही ओळीनं बसले. पहिला पाटासारखा ऐसपैस, उजव्या हाताला आकड्यांचा वेगळा गठ्ठा असलेला. दुसरा त्याहून आखूड, आकडे छाटून टाकलेला. तिसरा इवलासा, मधोमध दुमडून पर्समध्ये मावेल असा.

“यातला कुठला बरोबर मापाचा, तेच ठरत नाही,” ती म्हणाली. “म्हणून तिन्ही आणले.”

बाबांनी धुनीतलं एक लाकूड आत सारलं.

केवळनाथबाबा डोंगराच्या पायथ्याशी मठात एकटेच राहत. कानात जाड कुंडलं, अंगावर विटलेली भगवी छाटी, शेजारी जमिनीत रोवलेला हातभर लांबीचा लोखंडी चिमटा. आसपासच्या वाड्यांतली माणसं मुरगळलेला पाय नाहीतर लचकलेली पाठ घेऊन त्यांच्याकडे येत आणि बरी होऊन जात. शाल्मलीला ते पटत नसे. ती सातासमुद्रापार शिकून आलेली. दुखण्याला कारण असतं आणि कारणाला नाव असतं, एवढं तिला ठाऊक होतं. पण उजव्या मनगटाचं दुखणं काही केल्या थांबेना, तेव्हा शाळेत खिचडी शिजवणाऱ्या ठकूबाईनं तिला धरून इथं आणलं होतं.

त्या दिवशी तिला पाहताच बाबा म्हणाले होते, “आदेश!”

काय करायला सांगतात, याची वाट बघत शाल्मली उभीच राहिली. नाथपंथी माणसाचा तो नमस्कार असतो, हे ठकूबाईनं हसू आवरत परतीच्या वाटेवर सांगितलं.

बाबांनी तेव्हा मनगटाला हातसुद्धा लावला नव्हता. नुसते म्हणाले होते, “ज्यानं दुखलं, ते घेऊन ये.”

म्हणून ती आज घेऊन आली होती.

“याला म्हणतात काय?”

“कळफलक.”

“कळ येते याच्यावर?”

“तशी कळ नव्हे, बाबा. कळ म्हणजे बटण. ते दाबलं की अक्षर उमटतं.”

“मग मनगट का धरून बसलीस?”

...

शाल्मलीनं मनगट सोडलं. थोड्या वेळानं डावा हात आपोआप पुन्हा तिथंच गेला.

“माणसाच्या हाताला साजेसं एक माप असलंच पाहिजे,” ती आवेशानं म्हणाली. “मी माझा पंजा मोजलाय. दोन बोटांमधलं अंतर मोजलंय. चप्पल आपण पायाच्या मापाची घेतो की नाही?”

“चप्पल चालून बघतात.”

“चालूनच बघितलंय हो! हा मोठा जागा फार खातो, उजवा हात उगाच लांब जातो, खांदा भरून येतो. मधला बरा वाटला, पण आठवड्यात दुखणं परत हजर. छोटा अगदी हाताशी राहतो, पण त्याच्या कळा इतक्या दाटीवाटीनं बसल्यात, की सारखं चुकायला होतं.”

“मग?”

“मग... चौथा मागवलाय.”

“पाचवाही मागवून ठेव,” बाबा म्हणाले. “चौथ्याला सोबत होईल.”

तिचा चेहरा तांबडा झाला. क्षणभर वाटलं, तिघांनाही पिशवीत कोंबावं आणि निघावं. पण निघून जाणार कुठं? तालुक्याच्या डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं होतं, की हाड ठीक आहे, शीर ठीक आहे, काही दिवस लिहिणं बंद करा. लिहिणं बंद केलं तर ती इथं आलीच कशाला होती?

“चेष्टा करू नका, बाबा,” ती म्हणाली. आवाज जरासा फाटला. “शाळा उघडायच्या आत पुस्तक व्हायला हवं. सगळ्या गावासमोर शब्द दिलाय मी.”

“कसलं पुस्तक?”

“पहिलीच्या मुलांचं. त्यांच्याच गोष्टी, त्यांच्याच बोलीत. इथली पोरं शाळेत आली की पहिल्या दिवसापासून मुकी होतात. पुस्तकातलं बोलणं त्यांचं नसतं ना! मी म्हटलं, मी लिहीन. ती बोलतात तसं, शब्दाला शब्द.” ती थांबली. “आणि आता हातच चालत नाही. काल रात्री परतीच्या विमानाचे दर बघत होते मी. हात तरी तिकडं...” तिनं वाक्य सोडून दिलं.

बाबांनी मान हलवली. धुनीवरच्या टोपातला चहा त्यांनी दोन कपांत ओतला. एक तिला दिला. दुसरा कुठं टेकवावा म्हणून इकडंतिकडं बघितलं आणि मोठ्या कळफलकावरच्या आकड्यांवर अलगद ठेवून दिला.

“अहो बाबा!”

“चांगली आहे की जागा.”

तिला हसू आलं. खूप दिवसांनी आलं.

“पहिली गोष्ट कसली आहे?”

“शेळीची. ठकूबाईच्या नातीनं सांगितलेली. त्यांची शेळी डोंगरावर गेली होती. सांज झाली, तरी ती आली नाही...”

“मग?”

“मग काय?”

“शेळीचं पुढं काय झालं?”

शाल्मली कपातल्या चहाकडं बघत राहिली.

“अजून तिथवर पोचले नाही मी,” ती म्हणाली. “दोन महिने झाले.”

...

बाबा उठले. धुनीच्या कडेची निवलेली राख त्यांनी ओंजळीओंजळीनं आणली, शाल्मलीच्या पुढ्यात जमिनीवर पसरली आणि तळहातानं सपाट केली. सारवल्यासारखी मऊ, करडी राख.

“लिही.”

“कशावर?”

“याच्यावर.”

“बाबा, याला कळा नाहीत.”

“बोटांना ठाऊक आहेत ना, कुठं असतात त्या?”

ठाऊक होत्या. तिनं घोंगडीवर बैठक मोडून मांडी घातली आणि दोन्ही हात राखेवर धरले. आधी तिला ओशाळल्यासारखं झालं. मग तिनं समोरच्या डोंगराकडं बघत सुरुवात केली. बोटं सवयीनं पडू लागली. राखेत टिंबं उठू लागली. शेळी डोंगरावर गेली... बोटं थबकली, उजवीकडं धावली, परत आली. शेळी डोंगरावर गेली... पुन्हा थबकली.

मनगटात ओळखीची कळ उठली. करंगळीपासून निघून थेट कोपरापर्यंत.

“पुरे,” बाबा म्हणाले. “हात उचल.”

तिनं हात उचलले.

राखेत दोन पंजांएवढ्या जागेत टिंबंच टिंबं होती, चिमण्या नाचून गेल्यासारखी. आणि त्या सगळ्यांपासून दूर, उजवीकडं वरच्या कोपऱ्यात, एक खळगा पडला होता. राख बाजूला होऊन खालची माती दिसत होती.

बाबा वाकले. खळग्यात त्यांनी बोट घातलं.

“इथं काय असतं?”

बाबांनी मोठ्या कळफलकाकडं मान वळवली.

“या मोठ्यावर इथं काय आहे?”

“खोडायची कळ,” ती हळूच म्हणाली.

“मधल्यावर?”

“तीच.”

“छोट्यावर?”

“...तीच, बाबा.”

धुनीत लाकूड फुटल्याचा आवाज झाला.

शाल्मली त्या खळग्याकडं बघत होती. काय होत होतं, ते तिला आता आपसूक दिसत होतं. पोरगी म्हणाली होती, शेळी डोंगरावर गेली व्हती. शाल्मली ‘व्हती’ लिहायची. करंगळी लगेच जाऊन ते खोडायची. मग ती ‘होती’ लिहायची. मग शब्द दिलेला आठवायचा, आणि ‘होती’ खोडून पुन्हा ‘व्हती’. मग वाटायचं, छापून आल्यावर शहाणीसुरती माणसं काय म्हणतील? एवढी शिकून आली, आणि लिहिलं काय, तर हे. की पुन्हा ‘होती’. शेळी बिचारी दोन महिने त्याच एका शब्दाशी दाव्यानं बांधलेली होती. डोंगरावरून ती उतरणार कशी?

“मला वाटलं, माप चुकतंय,” ती पुटपुटली.

बाबांनी राख पुन्हा तळहातानं सपाट केली. खळगा बुजला. मग त्यांनी शेजारचा चिमटा जमिनीतून उपटला आणि नेमका त्या जागी खचकन रोवला.

“आता लिही.”

“तिथं तुमचा चिमटा आहे.”

“असू दे. तो काही बोलत नाही.”

तिनं लिहायला घेतलं. शेळी डोंगरावर गेली व्हती... करंगळी पळाली आणि गार लोखंडाला जाऊन टेकली. दचकून मागं आली. सांज झाली, तरी ती आली न्हाई... करंगळी पुन्हा गेली, पुन्हा लोखंड. तिसऱ्या वेळेस ती अर्ध्या वाटेतूनच परतली. पुढं पुढं तर तिनं जायचंच सोडलं.

एकदा बोट भलतीकडं पडलं. शाल्मलीला ते कळलं. तिनं डोळे मिटून घेतले आणि पुढचं अक्षर लिहिलं. काही झालं नाही. डोंगर जागच्या जागी होता. ती लिहीत राहिली. आजी कंदील घेऊन निघाली. नात तिच्या मागं. झुडपात काहीतरी हललं. दोघी घाबरल्या. झुडपातनं पहिल्यांदा आवाज आला, मग शिंगं, मग...

बाबांचा चहा कधीच गार झाला होता. त्यांनी कपाला हात लावला नव्हता.

शाल्मली थांबली. कुठून तरी दमून आल्यासारखी तिनं मोठा श्वास सोडला.

“आली,” ती म्हणाली. “बाबा, शेळी आली!”

“एकटीच?”

“नाही! पाठीमागं करडू. ती तिकडं व्याली व्हती, म्हणून उशीर झाला.” आपण काय म्हणालो, ते तिच्या ध्यानात आलं. ती हसायला लागली. हसता हसता डोळे भरून आले, ते तिनं दंडानं पुसले. तोंडाला राख लागली.

“बरं झालं,” बाबा म्हणाले. “मला शेळीची काळजी लागली होती.”

बऱ्याच वेळानं तिला कसलीतरी आठवण झाली. तिनं आपल्या हातांकडं बघितलं. उजवा हात गुडघ्यावर नुसता पडला होता. डावा त्याला धरायला गेलेला नव्हता. तिनं मनगट फिरवून पाहिलं, इकडं, मग तिकडं. जरासं अवघडलेलं होतं, चालून आलेल्या पायासारखं. बस, एवढंच.

वाऱ्याची झुळूक आली आणि राखेतली टिंबं पुसट झाली.

“अगंबाई, गोष्ट गेली!”

“गेली?”

शाल्मलीनं क्षणभर मनातल्या मनात ती आठवून पाहिली. कंदील, झुडूप, शिंगं, करडू. सगळी होती.

“नाही,” ती म्हणाली. “आहे. आज रात्री लिहून टाकते.”

तिनं आखूड कळफलक पिशवीत घातला. इवलासा दुमडला, तोही घातला. मोठ्यावरचा कप उचलून बाबांच्या हाती दिला आणि छाटीच्या टोकानं कपाचं ओलं वर्तुळ पुसायला ते वाकले, तर तिनं पुसू दिलं नाही. तो कळफलक तसाच उचलून पिशवीत ठेवला.

उठून तिनं हात जोडले.

“आदेश, बाबा.”

“आदेश.”

अंगणाच्या कडेपर्यंत ती गेली आणि तिथून वळून परत आली. पिशवी पोटाशी धरून उभी राहिली.

“पण बाबा, माझा प्रश्न तसाच राहिला. लिहायला बसायचं, तर कुठला तरी एक समोर ठेवावाच लागेल. यातला ठेवू कुठला? मोठा, मधला की छोटा?”

बाबांनी जमिनीतला चिमटा उपटला. त्याची राख झटकली.

“ज्याच्यावर चुकायला जागा असेल,” ते म्हणाले, “तो ठेव.”