वीसचा आकडा

“नॉबमध्ये असं काय होतं चाचा, जे यात नाही?”

मैत्रेयी कुंभोजकरने दुरुस्त केलेलं मशीन टेबलावर ठेवत विचारलं.

दस्तगीरचाचा मुजावरांनी मशीन जवळ ओढलं. मिरजेतल्या दवाखान्यांची मशीनं दुरुस्त करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. मैत्रेयी इंजिनिअर झाली आणि त्यांच्याकडे काम शिकायला आली, त्याला दोन वर्षं होत आली होती.

हे मशीन लकव्याने लुळ्या पडलेल्या हाताला हलका करंट देणारं. करंटचा जोर कमी-जास्त करायला त्याला पूर्वी एक नॉब होता. वापरून वापरून तो झिजला होता, जोर मध्येच उडी मारायचा. मैत्रेयीने तो काढला आणि तिथे नखाएवढी चिप बसवली... डिजिटल पोटेंशियोमीटर. आत दोनशे छप्पन्न पायऱ्या. कुठल्या पायरीवर थांबायचं ते मायक्रोकंट्रोलर, म्हणजे मशीनमधला छोटा संगणक, चिपला सांगणार. माणसाने फक्त दोन बटणं दाबायची.

“आता झिजायला काही उरलंच नाही,” ती म्हणाली. “आणि लाइट गेली तरी आकडा लक्षात राहतो.”

“कुणाच्या?”

“मशीनच्या.”

“हं...”

“उद्या दवाखान्यात द्यायचंय, चाचा. ते पोस्टमन शेडबाळे तीन आठवडे याच्यासाठी थांबलेत. तुम्ही सही केलीत की झालं.”

“हाताला लावून पाहिलंस?”

“मीटर लावला. एकेक पायरी तपासली.”

चाचांनी डाव्या हाताची बाही दुमडली. करंट देणाऱ्या दोन्ही पट्ट्या त्याच हाताला चिकटवल्या.

“चाचा, तुम्ही कशाला...”

“वीसवर ने.”

तिने बटण दाबत दाबत वीसचा आकडा आणला. चाचांची बोटं हलकेच थरथरली.

“छान आहे,” ते म्हणाले. “आता लाइट घालव.”

तिने भिंतीवरचं बटण बंद केलं. बोटं थांबली.

“आण.”

तिने बटण चालू केलं.

चाचांची मूठ खाडकन वळली. कोपर उचललं गेलं, टेबलावरचा पाण्याचा तांब्या लवंडला. ते ओरडले नाहीत. उजव्या हाताने त्यांनी पट्ट्या उपटून काढल्या.

मैत्रेयी स्क्रीनकडे बघत राहिली.

“वीसच आहे... चाचा, इथं वीसच दाखवतंय.”

“तिथं असेल.”

पाणी टेबलावरून खाली ठिबकत होतं. ते पुसायचंही तिला सुचलं नाही. तिने मीटर लावला, पुन्हा लाइट घालवली, पुन्हा आणली. मीटरवरचा करंट विसाव्या पायरीचा नव्हता, एकशे अठ्ठाविसाव्या पायरीचा होता.

मग तिच्या लक्षात आलं. लाइट आली की चिप आपली आपण मधल्या पायरीवर जाऊन बसत होती. वीस आकडा मायक्रोकंट्रोलरला आठवत होता, पण त्याने तो चिपला सांगितलाच नव्हता. ते सांगायचं प्रोग्रॅममध्ये तिनेच लिहिलं नव्हतं.

शेडबाळेंचा तो लुळा हात... त्याला तर झटका वेळेवर जाणवलाही नसता.

ती पुन्हा कामाला बसली. दिवसभर उठली नाही. मशीन सुरू झालं की चिपने आधी शून्यावर जायचं, असं तिने लिहिलं. ती तिथे पोचेपर्यंत पट्ट्यांकडे करंट जाऊच नये म्हणून वाटेत एक रिले, म्हणजे आपोआप उघडझाप करणारा स्विच, बसवला. आणि आकडा लक्षात ठेवण्याची जी सोय तिने एवढ्या हौसेने केली होती, ती पुसून टाकली. दर वेळी शून्यापासूनच चढायचं.

संध्याकाळी तिने पट्ट्या स्वतःच्या हाताला लावल्या. वीसवर नेलं. लाइट घालवली, आणली. बोटं निवांत राहिली. असं तिने तीसदा केलं.

चाचांनी कागद ओढला आणि सही केली. त्यांचं मनगट अजून लाल दिसत होतं.

“चाचा... असं होणार, हे तुम्हाला माहीत होतं?”

“नाही.”

“मग हात का दिलात?”

चाचांनी पेनाचं टोपण लावलं.

“माहीत असतं, तर तोंडाने सांगितलं असतं.”