खुंटीवरचा भोपळा

"म्हणजे आधी शिधा बंद करायचा आणि मग कासमभाई कामाला लागतील, असं तुझं म्हणणं?" सोमगीरबुवांनी विचारलं.

"हो, बुवा. दुसरा उपायच नाही."

चिदंबर ताठ बसून बोलत होता. काशीला शास्त्रं शिकून आलेला हा शिष्य मुळातच हुशार. त्यात बुवांनी मठाची कोठी त्याच्या हाती दिली, आणि तेव्हापासून स्वारीचे पाय जमिनीला लागेनासे झाले.

मठाकडून गावातल्या अधू माणसांना दर महिन्याला शिधा जाई. त्यांना पुन्हा कामाला लावून दाखवायचं, असा चिदंबरने विडा उचलला होता. सुरुवात कासमभाई कल्हईवाल्यांपासून.

कासमभाई चिंचेच्या झाडावरून पडले, उजवा हात अधू झाला, आणि पंचक्रोशीची भांडी चकचकीत करणारा त्यांचा भाता थंडावला. घरात बायको आणि म्हातारी आई. तेव्हापासून त्यांची चूल मठाच्या शिध्यावर पेटत होती.

"मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं," चिदंबर म्हणाला. "त्याच हाताने त्यांनी भरलेली घागर उचलली. म्हटलं, मठाची सगळी भांडी कल्हईला काढलीत, उद्या या. तर नको म्हणाले."

"का?"

"म्हणे, हात आज ऐकतो, उद्या रुसतो. एकदा कामाला लागलो की तुम्ही शिधा बंद करणार, मग हात रुसला तर खायचं काय? सबबी आहेत, बुवा. आयतं खायची सवय लागलीय."

बुवांनी वाटीतलं ताक तोंडाला लावलं आणि तोंड वेडंवाकडं केलं. पितळी भांड्यांची कल्हई उडाल्यापासून मठातलं ताक रोज कळकत होतं.

"कल्हई व्हायला हवी, हे मात्र खरं," ते म्हणाले. "उद्यापासून शिधा बंद कर. पण आधी चल, विहिरीवर जाऊ."

चिदंबर खुशीत उठला. आपलं म्हणणं बुवांना इतक्या झटपट पटेल, असं त्याला वाटलं नव्हतं.

मठात राहणाऱ्या प्रत्येकाला पोहता यायलाच हवं, असा बुवांचा दंडक होता. काशीत राहूनही गंगेत गुडघ्यापलीकडे न उतरलेल्या चिदंबरवर त्यामुळे मोठंच संकट कोसळलं होतं. रोज सकाळी पाठीला वाळलेला भोपळा बांधून तो विहिरीत उतरायचा. भोपळा तरंगायचा, आणि त्याच्या जिवावर चिदंबरही. आता मात्र त्याला बऱ्यापैकी हातपाय मारता येऊ लागले होते, आणि जेवताना तो तसं सगळ्यांना सांगायचाही.

तो भोपळा बांधून पायरीवर उभा राहिला.

"काल पाहिलं मी," बुवा म्हणाले. "हात छान मारतोस. पायही छान मारतोस. पोहता येतं तुला."

"आपली कृपा."

"मग सोड तो भोपळा."

चिदंबरने पाण्याकडे पाहिलं. आज ते नेहमीपेक्षा जास्तच हिरवं आणि खोल दिसत होतं.

"आत्ता?"

"दुसरा उपायच नाही."

"पण बुवा, एखाद्या दिवशी जमतं. एखाद्या दिवशी मध्येच दम तुटतो. कधी तुटेल, ते मलाच कळत नाही."

"सबबी."

"आणि बुडालो तर?"

"आयतं तरंगायची सवय लागलीय तुला," बुवा शांतपणे म्हणाले.

चिदंबरचे कान लाल झाले. पण भोपळ्याची दोरी काही त्याच्या मुठीतून सुटेना.

"बुवा," तो हळूच म्हणाला, "भोपळा पाठीवर असला तरच मी उडी मारीन. काढलात तर जन्मभर या पायरीवर बसून राहीन, पण पाण्यात उतरणार नाही."

बोलून गेला, आणि आपण काय बोललो ते त्याला ऐकू आलं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की तो पाण्याची भीती क्षणभर विसरलाच.

बुवांनी मागून येऊन सैल झालेली दोरी आवळली. गाठ ओढून पाहिली. पुन्हा एकदा ओढून पाहिली.

आणि दिलं त्याला ढकलून.

थोड्या वेळाने कासमभाईंच्या दारात एक ओलाचिंब माणूस उभा होता. पाठीवर भला मोठा भोपळा. गावातून तसाच धावत आला होता. कासमभाईंची बायको रुकय्याबी त्याला पाहून पदर तोंडाशी नेऊन हसायला लागली.

"शिधा बंद होणार नाही," चिदंबर धापा टाकत म्हणाला.

"पण मी कामाला आलो तर?" कासमभाईंनी विचारलं.

"तरी नाही. हात ऐकेल त्या दिवशी या. रुसेल त्या दिवशी घरी बसा."

"आणि धाकटे महाराज, महिनाभर काम केलं, आणि मग हात पार गेलाच तर?"

"तर शिधा आहेच. मागायला यायचीही गरज नाही, मी आणून देईन."

कासमभाई आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले…

मग घरात तोंड वळवून म्हणाले, "अगं, भाता कुठं ठेवलास?"

"माळ्यावर," रुकय्याबी म्हणाली. "दर शुक्रवारी पुसून ठेवते."

दुसऱ्या दिवशी मठाच्या अंगणात भट्टी लागली. रुकय्याबी भाता हलवायची, कासमभाई तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकून कथील फिरवायचे. पांढरा धूर उठायचा, कापसाचा बोळा गरकन फिरायचा, आणि काळवंडलेल्या पातेल्यात आभाळ दिसायला लागायचं. दुपारी हात रुसला. कासमभाई हसून म्हणाले, "झालं याचं आजच्यापुरतं!" आणि घरी गेले. पुढचे दोन दिवस आले नाहीत. मठात कुणीही त्यांना बोलवायला गेलं नाही. तिसऱ्या दिवशी ते आपणहून आले, आणि रुकय्याबीच्या आधी येऊन बसले.

मठाची भांडी झाली. मग गावातून घागरी यायला लागल्या, मग शेजारच्या गावातूनही. ताक गोड लागू लागलं.

पुढे एका सकाळी चिदंबर भोपळा बांधायलाच विसरला. विहिरीच्या मध्यावर गेल्यावर त्याच्या ते लक्षात आलं. घाबरून तो थोडं पाणी प्यायला खरा, पण पलीकडच्या काठाला लागला आणि एकटाच मोठ्याने हसला.

त्यानंतर काही दिवसांनी कासमभाई कोठीच्या दारात आले. शिध्याची रिकामी पिशवी त्यांनी नीट घडी घालून आणली होती.

"धाकटे महाराज, आता हिचं काम नाही," ते म्हणाले. ताठ उभे होते, आणि डोळे भरून आले होते.

चिदंबर ती पिशवी घेऊन जवळजवळ नाचतच बुवांकडे गेला.

"बुवा! कासमभाईंनी स्वतः परत दिली! आता त्यांच्या वाटचा शिधा कायमचा बंद करतो. ही पिशवीही कुणाला तरी देऊन टाकतो."

बुवा ताक पीत होते. त्यांनी वाटी सावकाश रिकामी केली.

"तुझा भोपळा कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"कोठीत. खुंटीला."

"पोहता येतं ना आता? मग फोडला का नाहीस?"

चिदंबरने हातातल्या पिशवीकडे पाहिलं.

"शेजारची खुंटी रिकामी आहे," बुवा म्हणाले. "पिशवी तिथे अडकव. भरून."