चमचाभर अमेरिका

माझ्या तान्ह्या शाल्मलीची बाटली नणंदेनं लंडनहून पाठवलेली आणि किती औंस दूध पाजायचं याचा तक्ता मोठ्या दिरांनी अमेरिकेहून आणलेला. मध्ये मी, एम.एस्सी. होऊनही झोपलेल्या लेकीच्या नाकाशी सारखं बोट धरून बघणारी.

भाऊजी बाटली पाहून गरजले, “अगं, हा ब्रिटिश औंस! अमेरिकन औंस मोठा असतो. पोर दर वेळी चमचाभर उपाशी राहतेय. कसली शिकलेली तू?”

त्यांनी स्वतः चमचाभर दूध वाढवून पाजलं आणि ऐटीत तिला खांद्यावर घेतलं. तिनं लगेच त्यांच्या शर्टावर दूध ओकलं.

“भाऊजी,” मी म्हटलं, “अमेरिकेचा चमचा तिनं परत केलाय. मोजून घ्या.”

सगळे हसले. शर्ट धुताना मात्र मीच डाग निरखत बसले. चमच्याहून जास्त तर नाही ना गेलं?