फाईल वर जाते ती अशी

धोंडगे साहेबांचा नियमांवर आईबापांपेक्षा जास्त जीव. अठरा वर्षं पूर्ण झाली म्हणून अनाथ यमुनाला सोमवारी बालगृह सोडायचं होतं, आणि खोलीभाड्याची सरकारी मदत साहेबांच्या टेबलावर अडून बसली होती.

"तू अनाथ आहेस, असं वडिलांच्या सहीनिशी लिहून आण," साहेब म्हणाले.

"वडील वर गेलेत, साहेब."

"ते मला सांगू नकोस. त्यांच्या सहीशिवाय फाईल वर जात नाही."

यमुनाने फाईल शांतपणे त्यांच्यापुढे सरकवली. "पाठवाच वर. वडील तिथंच आहेत, करतील सही. अन् फाईल घेऊन तुम्ही स्वतःच निघणार असाल, तर आधी खाली तुमची सही करून जा."

साहेबांनी एकदा छताकडे पाहिलं आणि घाईघाईने पेनाचं टोपण काढलं.